थांबावं की घ्यावं? (पितळी वाद्यांची दीडशे वर्षं)

आमच्या धंद्यात एक प्रश्न वर्षाचे बाराही महिने चालू असतो. लॅपटॉप आत्ता घेऊ का दिवाळीनंतर? एकजण सांगतो थांब, नवी चिप येतेय. दुसरा म्हणतो घेऊन टाक, डॉलर वाढतोय. दोघांचंही बरोबर असतं आणि म्हणूनच दोघांचाही काही उपयोग नसतो :)

सध्या माझा हाच घोळ एका ट्रम्पेटवरून चाललाय. ऑफिसच्या कामाव्यतिरिक्त काहीतरी शिकायचं असं बरेच दिवस मनात होतं, म्हणून स्वस्तातल्या ट्रम्पेटच्या किमती बघायला लागलो. किमती बघता बघता नेहमीप्रमाणे भरकटलो आणि इतिहासात शिरलो. तिथे कळलं की "स्वस्त पण कामाचं पितळी वाद्य नक्की कधी घ्यावं" हा प्रश्न अजिबात नवा नाही. इंग्लंडमधल्या गिरणी कामगारांनी, अमेरिकेतल्या शाळकरी पोरांनी, आपल्याकडच्या बॅंडवाल्यांनी तो स्वतःच्या खिशातून सोडवलाय. कोणाचं बरोबर ठरलं, कोणाचं चुकलं हे आता आपल्याला आरामात बसून बघता येतं. तर या वीकांताला तेच.

आधी थोडं तंत्र, म्हणजे पुढचं समजेल. तुतारी किंवा लष्करी बिगुल डोळ्यासमोर आणा. एका लांबीच्या नळीतून ठराविकच स्वर निघतात. मूळ स्वर, त्याची दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनं, बस. बिगुलवाल्याला जेमतेम पाच स्वरांत सगळं भागवावं लागतं. मधले स्वर हवे असतील तर नळीची लांबी वाजवता वाजवता बदलता आली पाहिजे. हे कसं करायचं यावर लोकांनी बरीच डोकी लढवली. १८१० साली डब्लिनच्या जोसेफ हॅलिडेने बिगुलाला भोकं पाडून त्यावर चाव्या बसवल्या आणि त्याचं पेटंट घेतलं. याच पद्धतीचं मोठं, खर्जातलं भावंड म्हणजे फ्रान्समधलं ऑफिक्लाइड (पेटंट १८२१). आणि दरम्यान जर्मनीत हाइनरिश श्ट्योल्त्सेल आणि फ्रीडरिश ब्ल्यूमेल या दोघांनी वेगळाच मार्ग काढला. बटण दाबलं की हवा एका जादा नळीतून फिरून येईल अशी झडप, म्हणजेच व्हॉल्व्ह. त्यांचं प्रशियातलं पेटंट १८१८ चं.

आता कल्पना करा की तुम्ही १८३० साली इंग्लंडमधल्या एखाद्या गावात राहता आणि तुम्हाला वाद्य घ्यायचंय. चावीचा बिगुल मिळतोय, चांगला वाजतोय, वाजवणारे उस्ताद आहेत, शिकवणारेही आहेत. व्हॉल्व्हवाली वाद्यं नुकती येऊ लागली आहेत, पण त्यांच्यात हवा नीट वाहत नाही, आवाज गुदमरतो, शिवाय प्रत्येक कारागिराची झडप वेगळी. व्हर्जन एक जसं असतं तसंच. १८३३ साली बर्लिनमधे वीप्रेश्टने जाडजूड पिस्टन आणले, १८३५ च्या सुमारास व्हिएन्नात फिरत्या झडपा आल्या आणि १८३९ साली पॅरिसमधे पेरिनेने जी रचना केली ती आज दुकानात मिळणाऱ्या ट्रम्पेटमधे जवळपास तशीच आहे! म्हणजे पंचवीस वर्षांत चार-पाच पिढ्या झाल्या आणि मग जवळजवळ दोनशे वर्षं काहीच मूलभूत बदललं नाही. गंमत म्हणजे श्ट्योल्त्सेलची जुनी झडपही लगेच मेली नाही. बनवायला सोपी, म्हणून स्वस्तातल्या कॉर्नेटमधे ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत टिकली.

मग १८३० साली चावीचा बिगुल घेणारा फसला का? मला तरी तसं वाटत नाही. पंधरा-वीस वर्षांत त्याचं वाद्य जुनाट झालं हे खरं. पण तोवर तो पंधरा-वीस वर्षं वाजवून चुकला होता. फुंकायची सवय, ओठांची ताकद, स्वर आधी कानात ऐकून मग काढायची सवय, हे सगळं नव्या वाद्यावर जसंच्या तसं चालतं. बोटांचं काय ते नव्याने शिकायचं. व्हॉल्व्ह स्थिर होईपर्यंत थांबलेल्याकडे १८४० साली चांगलं वाद्य होतं, पण ते फुंकायला लागणारे ओठ नव्हते.

आता खरी गोष्ट सुरू होते. १८४० च्या दशकात पॅरिसमधे अडॉल्फ सॅक्स (हो, सॅक्सोफोनवालाच) याने व्हॉल्व्हच्या वाद्यांचं एक अख्खं कुटुंब तयार केलं. लहानापासून मोठ्यापर्यंत सगळ्यांची घडण एकसारखी, बोटं एकसारखी. त्यांना नाव पडलं सॅक्सहॉर्न, पेटंट १८४५ चं. बाकीच्या कारागिरांनी त्याला कोर्टात इतकं पळवलं की सॅक्सचं पुढे तीनदा दिवाळं निघालं, पण ते सोडा. इंग्लंडमधे डिस्टिन नावाचं एक वादक कुटुंब होतं. बाप आणि चार मुलं. १८४४ साली ते पॅरिसला गेले, सॅक्सची वाद्यं बघून खूश झाले आणि ती घेऊन इंग्लंडभर कार्यक्रम करत फिरले. आजच्या भाषेत, फिरता डेमो.

बोटं एकसारखी ही गोष्ट दिसते त्यापेक्षा खूप मोठी होती. एकदा कॉर्नेट शिकलात की उद्या टेनर हॉर्न किंवा मोठा बास हातात दिला तरी तुम्ही वाजवू शकता. बॅंडमधला एकजण गाव सोडून गेला तर दुसरा सरकून त्याच्या जागी बसू शकतो. म्हणजे स्टॅंडर्ड इंटरफेस. वीस-पंचवीस नवशिक्या लोकांचा बॅंड उभा करायचा तर याहून सोयीचं काही नव्हतं.

हे नवशिके कोण? लॅंकेशायर आणि यॉर्कशायरमधले कापड गिरण्यांचे आणि खाणींचे कामगार. १८५० च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांमधे बायका आणि मुलांचं शनिवारचं काम दुपारी दोनला बंद करायला लावलं आणि ते थांबले की गिरणीच थांबायची. शनिवार दुपार मोकळी! आपण ज्याला वीकांत म्हणतो त्याचा जन्म असा झालाय. ती मोकळी दुपार दारूच्या गुत्त्यात घालवायची का आणखी कशात, हा प्रश्न होता आणि पुष्कळ गावांचं उत्तर होतं बॅंड.

पण वाद्यांचे पैसे? एकट्या कामगाराला चांगलं वाद्य परवडण्यासारखं नव्हतंच. यावर तीन उत्तरं निघाली.

पहिलं उत्तर म्हणजे मालक. ब्रॅडफर्डजवळच्या ब्लॅक डाइक मिल्सचा मालक जॉन फॉस्टर हा तरुणपणी स्वतः गावच्या बॅंडमधे हॉर्न वाजवायचा. १८५५ साली त्याच्या कंपनीने तो बॅंड आपल्या पंखाखाली घेतला, नवी वाद्यं घेऊन दिली आणि गणवेश गिरणीच्याच कापडाचे शिवले. कंपनीने लॅपटॉप द्यावा तसं. नोकरी सोडली तर लॅपटॉप परत :) हा बॅंड आजही चालू आहे आणि जगातल्या नावाजलेल्या ब्रास बॅंडमधे गणला जातो.

दुसरं उत्तर म्हणजे गाव. वर्गणी काढायची, जत्रा भरवायची, नाताळात घरोघरी वाजवत फिरायचं आणि जमलेल्या पैशातून एकदम अख्खा संच घ्यायचा. आपल्या गणेशोत्सव मंडळांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. वाद्य बॅंडच्या मालकीचं, वाजवणाऱ्याच्या नाही.

तिसरं उत्तर सगळ्यात धाडसाचं, ते म्हणजे हप्ते. वाद्यांचे कारखानदार संच उधारीवर द्यायला लागले. गावातला एखादा बरा माणूस, दुकानदार किंवा गुत्त्याचा मालक जामीन राहायचा आणि बॅंड वाजवून वाजवून कर्ज फेडायचा. आणि वाजवायचं कुठे, तर स्पर्धांमधे.

५ सप्टेंबर १८५३ ला मॅंचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेत पहिली मोठी ब्रास बॅंड स्पर्धा झाली. बॅंड आठ, पण ऐकायला साधारण सोळा हजार लोक! पहिला नंबर आला मॉसली टेम्परन्स सॅक्सहॉर्न बॅंडचा. नावातच सगळं आहे बघा. टेम्परन्स म्हणजे दारूबंदीवाले आणि सगळा संच सॅक्सहॉर्नचा. त्या सोळा हजारात जे बॅंडवाले बसले असतील त्यांनी घरी जाताना काय ठरवलं असेल हे सांगायला नको. १८६० साली एंडरबी जॅक्सन नावाच्या उद्योगी माणसाने लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला राष्ट्रीय स्पर्धा भरवली आणि लोकांना आणायला रेल्वेच्या स्वस्त खास गाड्या वापरल्या. कारखानदारही हुशार. ते बक्षीस म्हणून वाद्यंच द्यायचे. जिंकलेल्या बॅंडच्या हातात आपला माल, याहून चांगली जाहिरात कोणती?

मागणी वाढली तशा किमती उतरल्या. पूर्वी कारागीर पत्रा वळवून एकेक वाद्य घडवायचा, दोन वाद्यं सारखी निघायचीच नाहीत. १८५६ मधे गुस्ताव बेसनने पोलादी साच्यांवर नळ्या चढवून हुबेहूब प्रती काढायची पद्धत आणली. शिवाय फ्रान्सहून स्वस्त माल यायचा, त्याच्याशी स्पर्धा होतीच.

थोडक्यात, १८३० मधे घेणाऱ्याला तंत्रज्ञान बदलण्याची भीती होती. १८६० मधे घेणाऱ्याला ती राहिली नव्हती. पेरिनेची झडप स्थिरावली होती, बोटं ठरली होती, किंमत उतरत होती. आता डोळे झाकून घ्यावं ना?

इथेच तर खरा खड्डा होता. आणि तो तंत्रज्ञानाचा नव्हताच, पट्टीचा होता.

आपल्याकडे गाणारा आपापली पट्टी घेऊन येतो. काळी एक, पांढरी पाच, ज्याला जी सोसेल ती. पण नळीची लांबी पितळात ओतलेली असते, तिथे हे लाड चालत नाहीत. आज जगभर पांढरी सहा, म्हणजे 'ए' हा स्वर, सेकंदाला ४४० कंपनांवर धरतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधली पट्टी चढत चढत ४५२ वर गेली होती. कान टवकारणारी, चमकदार पट्टी. हा फरक किती? पेटीवरची पांढरी सहा आणि तिच्या पुढची काळी पाच यांच्या जवळजवळ बरोब्बर मधे. म्हणजे दोन वेगवेगळ्या पट्ट्यांची वाद्यं एकत्र वाजवली तर ऐकवत नाही.

१८९६ च्या सुमारास लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीने खालची पट्टी स्वीकारली, ४३९ ची. ऑर्केस्ट्रावाले हळूहळू उतरले. पण गावोगावच्या शेकडो ब्रास बॅंडचं काय? त्यांनी नुकते हप्ते फेडून घेतलेले संच ४५२ चे होते. एक वाद्य बदलून भागत नाही, बदलायचे तर चोवीस-पंचवीस एकदम. सगळ्या बॅंडनी एकच उत्तर दिलं. आम्ही वरच राहतो! लष्करी बॅंड १९२० च्या दशकाच्या अखेरीस खाली आले, १९३९ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ४४० ठरलं, तरी ब्रास बॅंड हलले नाहीत. शेवटी १९६० च्या दशकाच्या मध्यावर बूझी अॅंड हॉक्सने वरच्या पट्टीची वाद्यं बनवणं बंद करायचं ठरवलं, तेव्हा कुठे नाइलाज झाला. साधारण सत्तर वर्षं! लेगसी सिस्टीम म्हणजे काय हे मला नोकरीत शिकवलं नसतं तरी यावरून कळलं असतं.

तुम्ही म्हणाल, नळी थोडी लांब केली की झालं. मलाही तसंच वाटलं, म्हणून हिशोब केला. साध्या ट्रम्पेटची नळी साधारण १४८ सेंटिमीटर. वरच्या पट्टीचं वाद्य याहून चारेक सेंटिमीटरने आखूड. मुख्य नळीत तेवढी भर घातली की मोकळा स्वर जुळला. पण प्रत्येक झडपेची जादा नळी ही मुख्य नळीच्या ठराविक प्रमाणात असते, तीही त्याच प्रमाणात वाढवावी लागते. नाहीतर एक बोट दाबलं की बेसूर. म्हणजे एका वाद्यात चार ठिकाणी दुरुस्ती.

(प्रमाणाचा हा घोटाळा तसाही झडपांच्या रचनेतच आहे. दुसरी झडप सुमारे ८.८ सेंमी नळी जोडते, पहिली १८, तिसरी २८. तिन्ही दाबल्या की साधारण ५५. पण सहा अर्धस्वर उतरायला लागतात ६१! सहा सेंटिमीटर कमी पडतात, म्हणून स्वर चढा लागतो. १८७४ मधे बूझीच्या डेव्हिड ब्लेकलीने झडपांमधे आणखी छोट्या नळ्या घालून यावर उपाय काढला. अफलातून पॅच. मोठ्या वाद्यांत तो अजून वापरतात. ट्रम्पेटवाला मात्र बोटाने तिसरी नळी बाहेर सरकवून भागवतो.)

अमेरिकेत हा बदल लवकर उरकला. तिथल्या वादकांच्या संघटनेने १९१७ मधे ४४० स्वीकारलं. परिणाम काय, तर वरच्या पट्टीची उत्तम, मजबूत वाद्यं एका रात्रीत सेकंडहॅंड बाजारातली स्वस्त वाद्यं झाली. अशा वाद्यांवर बऱ्याचदा कोरलेलं असतं, वरच्या पट्टीसाठी 'एचपी', खालच्यासाठी 'एलपी'. आजही जुन्या बाजारात एखादं सुंदर वाद्य संशयास्पद स्वस्त दिसलं तर आधी ते कोरलेलं बघावं.

सेकंडहॅंडचा विषय निघालाय तर जगातला बहुधा सगळ्यात फायद्याचा सेकंडहॅंड सौदा सांगतो. न्यू ऑर्लीन्समधे कारनॉफ्स्की नावाचं एक गरीब ज्यू कुटुंब भंगार आणि कोळशाचा धंदा करायचं. त्यांच्या गाडीवर एक काळा पोरगा कामाला होता. गहाणवटीच्या दुकानात त्याला एक जुनं, काळवंडलेलं कॉर्नेट दिसलं. किंमत पाच डॉलर. मालकांनी दोन डॉलर उचल दिली, बाकीचे त्याने आठवड्याला पन्नास सेंट असे फेडले. म्हणजे सहा हप्ते. पोराचं नाव लुई आर्मस्ट्रॉंग. ही हकीगत त्याने स्वतःच म्हातारपणी लिहून ठेवली आहे. "जरा बरं वाद्य घेण्याइतके पैसे जमू देत" असं तो म्हणाला असता तर?

थांबणाऱ्यांना फटका बसल्याचंही एक ठसठशीत उदाहरण आहे. १९४२ साली अमेरिकन सरकारने युद्धासाठी पितळ आणि कारखाने हवेत म्हणून बहुतेक वाद्यांचं उत्पादनच थांबवलं. पुढची काही वर्षं नवं वाद्य हवं तर विसरा. आणि लगेच उलटंही झालं. युद्धानंतर शाळांमधे बॅंडची लाट आली आणि ओल्ड्स कंपनीचा 'अॅम्बॅसेडर' ट्रम्पेट निघाला. विद्यार्थ्यांसाठीचा, पण इतका भक्कम की कंपनी १९७९ मधे बंद पडली तरी त्यातले पुष्कळ ट्रम्पेट आजही वाजतायत. म्हणजे १९४१ मधे थांबलेला फसला आणि १९४६ मधे थोडं थांबलेल्याची चांदी झाली. आधी कोणाला कळणार होतं? कोणालाच नाही.

आपल्याकडे काय? इंग्रजांच्या पलटणींबरोबर बॅंड आले आणि मागोमाग वाद्यं बनवणारेही. मेरठची जली कोठी ही गल्ली त्यासाठी प्रसिद्ध आहे. लष्करी बॅंडमधे असलेल्या नादिर अलींनी १८८५ साली तिथे आपली कंपनी काढली. आपल्या लग्नांच्या वरातीत जे चमकतं त्यातलं पुष्कळ या गल्लीतून आलेलं असतं. विलायती माल आणणं जेव्हा परवान्यांमुळे महाग आणि अवघड होतं तेव्हाही या देशात बॅंड वाजत राहिले, त्याचं श्रेय या कारागिरांना आहे. आणि वाजवणाऱ्यांत मोठा वाटा गोव्याचा. तिथे चर्चच्या शाळांमधे पोरांना लहानपणापासून नोटेशन शिकवायचे. हल्दोण्याचा अंतोनियो शावियर वाझ हा असाच एक. मुंबईत त्याचं नाव झालं चिक चॉकलेट. 'अलबेला' (१९५१) मधे आपल्या सी. रामचंद्रांबरोबर त्याने काम केलंय. ती गाणी ऐकताना ट्रम्पेटकडे मुद्दाम कान द्या.

तर या सगळ्यातून माझ्या हाती काय लागलं?

एक म्हणजे थांबणं फुकट नसतं. आपण फक्त वस्तूची किंमत मोजतो. थांबलेल्या काळात न शिकलेली वर्षं त्या हिशोबात येत नाहीत. ज्याच्याकडे आधीच एक वाद्य आहे त्याने नव्यासाठी खुशाल थांबावं, इंग्लंडचे बॅंड सत्तर वर्षं थांबले आणि वाजवत थांबले. ज्याच्याकडे काहीच नाही त्याचं गणित वेगळं.

दोन, नव्या सोयींपेक्षा पट्टी आणि बोटं जुळतात का हे महत्त्वाचं. जे वाद्य बाकीच्यांबरोबर वाजत नाही ते कितीही स्वस्त असलं तरी महागच.

तीन, स्वस्त म्हणजे भिकार नव्हे. आर्मस्ट्रॉंगचं कॉर्नेट काळं पडलं होतं, पण वाजत होतं. ज्या झडपा अडकतात, ज्यांच्यातून हवा गळते, ते वाद्य नवशिक्याला असं पटवून देतं की दोष त्याच्यातच आहे. तपासणी सोपी आहे. झडप न दाबता तिची नळी बाहेर ओढायची आणि मग झडप दाबायची. 'टप्प' असा आवाज आला तर झडप हवा धरते. काहीच आवाज नाही आला तर दुसरं वाद्य बघायचं.

आणि चौथं, जे मला सगळ्यात जास्त पटलं. त्या गिरणीवाल्यांनी एकेकट्याने पैसे साठवत बसण्याऐवजी वीस जणांनी मिळून घेतलं. कर्जात बुडून बंद पडलेले बॅंडही होते, नाही असं नाही. पण शनिवारी दुपारी वाट बघणारे आणखी एकोणीस जण असले की वाद्य कपाटात धूळ खात पडत नाही. आमच्या सोसायटीत दोन गिटार आणि एक कीबोर्ड असे कपाटात झोपलेले मला माहीत आहेत, तेही चांगले महागातले.

माझा निर्णय झालाय. सेकंडहॅंड, ४४० चा, 'टप्प' वाजणारा, आणि घेण्याआधी शिकवणारा माणूस नक्की करायचा. त्यांनी शनिवारी सकाळी यायला सांगितलंय. शेजाऱ्यांना अजून काही बोललो नाहीये :)

असो. बरंच लांबलं. भेटू पुढच्या वीकांताला.